इसब उसळतो तेव्हा: मलमाचं माप आणि ओल्या पट्ट्या

"ही ट्यूब तुम्हाला किती दिवस पुरते?" त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत मला विचारलं. तीस ग्रॅमची मॉइश्चरायझरची ट्यूब होती. मी म्हटलं, महिना-दीड महिना. त्यांनी ती हातात घेतली, लेकीची कोपरं आणि गुडघ्यांच्या मागची फाटलेली कातडी पाहिली आणि म्हणाल्या, "एवढं तर हिला एका दिवसाला लागतं."

लेक तेव्हा तीन वर्षांची होती. चार महिन्यांची असताना गालांवर पहिला इसब आला, तेव्हापासून आम्ही औषधं बदलत होतो, डॉक्टर बदलत होतो, साबण बदलत होतो. कमी पडत होतं ते प्रमाण, आणि हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. नाशिकच्या थंडीत रात्रभर मूल खाजवतंय, चादरीवर रक्ताचे ठिपके दिसताहेत, अशा अवस्थेत तुम्ही हे वाचत असाल, म्हणून कामाचं सगळं क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. इथलं औषधाचं प्रत्येक पाऊल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच टाका. पण डॉक्टरांकडून आल्यावर घरी नेमकं काय, कसं आणि किती करायचं, ते मी चार वर्षं रोज केलं आहे.

आधी एक सांगते, कारण हे ऐकायला मला फार उशीर झाला. हा आजार तुम्ही दूध पाजताना काय खाल्लंत यामुळे झालेला नाही, आणि तो संसर्गजन्यही नाही. अशा मुलांच्या कातडीचा वरचा थर मुळातच कच्चा असतो. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की यांतल्या बऱ्याच जणांमध्ये फिलाग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असतो. त्यामुळे आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं टोचणारं सगळं आत शिरतं. खाज, खाजवणं, आणखी फाटणं, आणखी खाज हे चक्र तिथून सुरू होतं. मॉइश्चरायझर आणि ओल्या पट्ट्या हे चक्र तोडण्यासाठी आहेत.

१. इसबच आहे ना, हे ठरवून घ्या

आपल्याकडे अंगावर काही उठलं की घरात चार नावं ऐकू येतात: इसब, नायटा, गजकर्ण, खरूज. यांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. नायटा किंवा गजकर्ण म्हणजे बुरशी. त्याची कड गोल आणि उठावदार असते, मधला भाग त्या मानाने साफ दिसतो. खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ येतं आणि बहुधा घरातली इतर माणसंही खाजवत असतात. लहान मुलांचा इसब तान्हेपणी गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो, पुढे कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्यांत, मानेवर, मनगटांवर सरकतो.

आणखी एक गोष्ट आपल्या वर्णाची. पुस्तकांतल्या चित्रांत लालबुंद चट्टे असतात. आपल्या सावळ्या कातडीवर इसब करडा, तपकिरी किंवा जांभळट दिसतो. कधी तर नुसतं खरखरीत पुरळ हाताला लागतं. लाली दिसत नाही म्हणजे इसब किरकोळ, असं समजू नका.

जवळपास त्वचारोगतज्ज्ञ नसेल किंवा खर्च झेपत नसेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं. सोबत आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा न्या, रिकाम्यासुद्धा. मोबाइलमध्ये उसळीच्या दिवसाचे फोटो ठेवा, कारण नंबर येतो त्या दिवशी कातडी हमखास शांत असते.

२. मेडिकलमधून "काहीतरी लावायला" आणू नका

हे मी केलं आहे. काउंटरवर खाज सांगितली आणि एक क्रीम मिळालं. तीन दिवसांत कातडी छान झाली, बंद केल्यावर आठवड्यात दुप्पट उसळली. त्यात कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं, आणि ते मी गालांवर लावत होते.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल ही सगळी स्टेरॉइडं आहेत. सोबत क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, निओमायसिन अशी नावं दिसली तर ते मिश्रण आहे. नायट्यावर असं मिश्रण लावलं की तो तात्पुरता दबतो, रूप बदलतो आणि अंगभर पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. तरीही चिठ्ठीशिवाय मिळाली, तर घेऊ नका.

याचा अर्थ स्टेरॉइड वाईट असा नाही. त्याबद्दल पाचव्या मुद्द्यात लिहिते.

३. सामान

- बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर, मोठ्या डब्यात. साधी पांढरी पेट्रोलियम जेली चालते.
- डब्यातून काढायला एक स्वच्छ चमचा. बोटं घातली की डब्यात जंतू जातात.
- डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम आणि त्यांची चिठ्ठी.
- मऊ सुती कपड्यांचे दोन संच: एक ओल्या थरासाठी, एक कोरड्या.
- हातापायांसाठी नळीसारखं विणलेलं कापड. प्लास्टर घालताना आत चढवतात ते स्टॉकिनेट. हाडांच्या दवाखान्याशेजारच्या मेडिकलमध्ये रोल मिळतो. हातासाठी अरुंद, पायासाठी रुंद घ्या.
- हातांवर सुती मोजे, कोमट पाण्याचं पातेलं, स्प्रेची बाटली, नेलकटर.

आमचा ओला थर सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचा आहे. वर्षानुवर्षं धुऊन ते इतकं मऊ झालं आहे की बाजारातलं कुठलंही बँडेज त्याच्या पासंगाला पुरत नाही. तुमच्याकडे जुनं धोतर, मलमलची ओढणी, झबलं, बनियान असेल तर तेच वापरा. नवं कापड आणलंत तर खळ जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा. नायलॉन, लोकर आणि मिश्र धागा नको.

४. अंघोळ आणि त्यानंतरची तीन मिनिटं

पाणी कोमट, तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम ना गार लागेल असं. कडकडीत पाण्याने खाज तेवढ्यापुरती थांबते, म्हणून मुलं तेच मागतात आणि नंतर जास्त खाजवतात. पाच ते दहा मिनिटं पुरे. फेसाळ साबण नको. डॉक्टर सौम्य क्लिन्झर सुचवतील, तो फक्त काख, जांघ, पाय अशा जागी लावा. पाण्यात जंतुनाशक द्रव, मीठ, कडुलिंबाचा काढा असलं स्वतःहून काही घालू नका.

इथे घरातल्या मोठ्यांशी बोलावं लागतं. डाळीच्या पिठाने घासणं, उटणं, दाबून तेल चोळणं, अंघोळीनंतर बाळाला धुरी देणं हे आपल्याकडे मायेने केलं जातं. फाटलेल्या कातडीला मात्र यातलं काहीही सोसत नाही. मोहरीच्या आणि ऑलिव्ह तेलाने कातडीचा थर आणखी बिघडतो. खोबरेल त्यांच्यापेक्षा बरं, काही मुलांना मानवतंही, पण भर थंडीत एकट्या खोबरेलाने आमचं भागलं नाही. सासूबाईंना मी डॉक्टरांकडे सोबत घेऊन गेले. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर पीठ बंद झालं आणि पट्ट्या बांधायला सगळ्यात सफाईदार हात आज त्यांचाच आहे.

अंघोळ झाली की पंचाने टिपा, पुसू नका. अंग किंचित दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लागायला हवं. म्हणून डबा न्हाणीघराच्या दाराशीच ठेवा. आत गेलेलं पाणी उडायच्या आधी त्यावर झाकण घालायचं आहे.

किती? लहान मुलाला आठवड्याला साधारण २५० ग्रॅम आणि मोठ्या माणसाला ५०० ग्रॅमपर्यंत. आकडा वाचून मला धक्काच बसला होता. डब्याच्या झाकणावर मार्करने उघडल्याची तारीख लिहा. पाव किलोचा डबा तीन आठवडे पुरला तर कमी लागतंय, हे आपोआप कळतं.

कसं? चमच्याने तळहातावर घ्या, दोन्ही हातांत कोमट करा आणि केसांच्या दिशेने, वरून खाली, लांब हात फिरवत लावा. गोल गोल चोळलं की केसांच्या मुळांशी बारीक फोड येतात. कातडी चकाकली पाहिजे. दिवसातून निदान दोनदा, उसळी असेल तर तीन-चार वेळा, आणि इसब दिसत नाही त्या जागीही.

क्रीम, लोशन की जेली? जितकं पातळ तितकं पाणी जास्त आणि टिकाव कमी. लोशन लावायला सोपं, पण कोरड्या कातडीला अपुरं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जेलीने घामोळं येत असेल तर दिवसा क्रीम आणि रात्री जेली लावा. नाशिक, नगर, विदर्भाच्या कोरड्या थंडीत जेलीच. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेलं क्रीम फाटलेल्या जागी झोंबतं. एकदा झोंबलं की मूल पुढे डबा पाहूनच पळतं, म्हणून लहानांना ते टाळा.

जेली-पॅराफिन मुरलेलं कापड लवकर पेट घेतं आणि भराभर जळतं, धुतल्यावरही त्यात अंश राहतो. मूल गॅसजवळ, देवाजवळच्या निरांजनाजवळ, शेगडीजवळ जाऊ देऊ नका. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी ताजे, न माखलेले कपडे घाला. आणि तेलकट पायांनी फरशीवर मूल घसरतं, तेव्हा जेली लावल्यावर लगेच उतरू देऊ नका.

५. स्टेरॉइड मलम: बोटाचं माप

चिठ्ठीशिवायच्या मलमाने पोळल्यावर मी डॉक्टरांनी दिलेलं मलमही घाबरत, मोहरीएवढं लावायला लागले. म्हणजे इसब ना धड बसत होता, ना मलम सुटत होतं. थोडक्यात आटोपायचं असेल तर उसळीच्या जागी पुरेसं लावून, ठरलेल्या दिवसांत ते संपवणं हाच मार्ग आहे.

माप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत ट्यूब पिळली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. एवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाचा अख्खा हात भरला असेल तर अशी दोन मापं, अख्खा पाय भरला असेल तर तीन. बोट तुमचं मोजायचं, मुलाचं नव्हे.

चेहऱ्यासाठीचं आणि अंगासाठीचं मलम बहुतेक वेळा वेगळं असतं. दोन्ही ट्यूबांवर चिकटपट्टीने "तोंड" आणि "अंग" असं लिहून ठेवा. आमच्या घरी तीन माणसं मलम लावतात, आणि त्या चिठ्ठीमुळे एकदाही अदलाबदल झाली नाही. मॉइश्चरायझर आणि स्टेरॉइडमध्ये पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध पातळ होऊन नको तिथे पसरतं.

६. ओल्या पट्ट्या

मॉइश्चरायझर आणि मलम नीट लावूनही उसळी बसत नसेल, मूल रात्र रात्र झोपत नसेल, तेव्हा डॉक्टरांना ओल्या पट्ट्यांबद्दल विचारा. आत ओला थर, बाहेर कोरडा, एवढंच ते आहे. ओल्या थरातलं पाणी हळूहळू उडतं आणि कातडी गार पडते, म्हणून खाज उतरते. कोरडी कातडी ओलावा धरते. नखं आत पोचत नाहीत. आणि औषध खोलवर मुरतं.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. औषध जास्त मुरतं म्हणूनच पट्टीखाली कुठलं स्टेरॉइड, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. ते बहुधा सौम्य किंवा मध्यम ताकदीचं देतात, कधी मॉइश्चरायझरमध्ये मिसळून पातळ करायला सांगतात. कडक स्टेरॉइडवर आपल्या मनाने पट्टी बांधली तर ते रक्तात उतरू शकतं. टॅक्रोलिमसचं मलम (इसबावरचंच, पण स्टेरॉइड नसलेलं) चालू असेल तर त्यावर पट्टी बांधायचीच नाही.

पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी करा. दोन माणसं हवीत.

*आधी खोली.* पंखा, एसी बंद, खिडक्या लावलेल्या. थंडीत खोली उबदार करा, पण कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नाही.

*मग अंघोळ आणि औषध.* उसळलेल्या जागी ठरलेलं मलम, बाकी सगळीकडे मॉइश्चरायझर, एरवीपेक्षा जाड.

*ओला थर.* कापड कोमटपेक्षा किंचित ऊन पाण्यात बुडवा, कारण पिळून अंगावर जाईपर्यंत ते निवतं. पाणी ठिबकणार नाही इतकं पिळा. चोपून बसवा, चुण्या पडू देऊ नका, पण बोट आत जाईल इतकी ढील हवी. बोटं निळसर किंवा गार पडली, मुंग्या आल्या तर घट्ट झालं आहे, लगेच सोडा. हातापायांवर स्टॉकिनेट, अंगात ओलं बनियान किंवा गुंडाळलेलं लुगडं.

*कोरडा थर.* अजिबात वेळ न घालवता वरून कोरडं स्टॉकिनेट, सुती पायजमा, लांब बाह्यांचा सदरा. एक हात पूर्ण झाला की मगच दुसरा घ्या, सगळं अंग एकदम ओलं केलंत तर मूल कुडकुडतं. वरून प्लास्टिक काही घालू नका.

*मग पांघरूण आणि गोष्ट.* पहिली दहा मिनिटं अवघड असतात. आमच्याकडे त्या वेळी आजीची गोष्ट ठरलेली आहे. पंधरा-वीस मिनिटांत खाज उतरते, आणि पहिल्या रात्री लेक गोष्ट संपायच्या आत झोपली. कितीतरी महिन्यांनी ती न खाजवता झोपलेली मी पाहत बसले होते.

सुरुवातीला दोन तास पुरे. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रात्रभर ठेवतात. आतला थर पूर्ण वाळू देऊ नका. वाळलेलं कापड चिकटतं आणि काढताना कातडी ओढतं. मध्ये वाळलंच तर कोरडा थर वर सरकवून स्प्रेने कोमट पाणी मारा, किंवा सरळ काढून टाका. चिकटलं असेल तर भिजवून सोडवा. काढल्याबरोबर पुन्हा मॉइश्चरायझर.

आम्हाला डॉक्टरांनी पाच रात्री सांगितल्या होत्या आणि तिसऱ्या रात्रीनंतर फरक स्पष्ट दिसला. फरक पडला म्हणून स्वतःहून दिवस वाढवू नका. दोन आठवड्यांच्या पुढे तर डॉक्टरांनी पुन्हा पाहिल्याशिवाय नाहीच.

वापरलेल्या पट्ट्या रोज गरम पाण्यात धुवा आणि साबण निघेपर्यंत खळबळा. बोअरवेलच्या जड पाण्यात साबण कापडात राहतो, तेव्हा एक पाणी जास्तीचं द्या. उन्हात वाळवा.

७. पट्टी बांधायची नाही अशा वेळा

जागा चिघळून लस किंवा पू येतोय, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्यात, आजूबाजूची कातडी गरम आणि दुखरी झाली आहे, ताप आहे: हा जंतुसंसर्ग असू शकतो. ओल्या बंद जागेत जंतू फोफावतात. त्या दिवशी पट्टी नाही, डॉक्टर.

आणि एक धोका सगळ्या आईबापांना पाठ असावा. इसबाच्या जागी अचानक एकसारखे बारीक पाणीदार फोड येतात, फुटून खणल्यासारखे गोल खड्डे पडतात, खाजेपेक्षा वेदना जास्त असतात, मूल तापाने मलूल होतं. हा नागिणीच्याच कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असतो. रात्र असली तरी थांबू नका, विशेषतः डोळ्यांजवळ असेल तर. याच कारणाने ओठांवर जर, म्हणजे पाणीदार फोड, आलेल्या माणसाला इसबवाल्या बाळाचा पापा घेऊ देऊ नका. पाहुण्यांना वाईट वाटेल, तरी सांगा.

८. उसळी बसल्यावर

सगळ्यात मोठी चूक इथे होते: कातडी गुळगुळीत झाली की डबा फडताळात जातो. मॉइश्चरायझर रोज चालूच ठेवायचं. वारंवार उसळणाऱ्या जागांवर डॉक्टर कधी आठवड्यातून दोन दिवस मलम लावायला सांगतात, तेही कातडी चांगली दिसत असताना. आमच्याकडे शनिवार-रविवार ठरलेत. राहिलेले काळे-पांढरे डाग म्हणजे इसब नव्हे. ते काही महिन्यांत आपोआप जातात, त्यावर मलम चोळत बसू नका.

दूध, अंडी, शेंगदाणे परस्पर बंद करू नका. आम्ही सहा महिने अंडं आणि दही बंद ठेवलं. इसब होता तसाच राहिला, लेकीचं वजन मात्र वाढलं नाही. एखादा पदार्थ खाल्ल्याबरोबर गांध्या उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, असं असेल तर ते डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने तपासणी करा.

नखं दर तीन दिवसांनी कापा. स्वेटरच्या आत लांब बाह्यांचा सुती कपडा घाला. खेळून घाम आला की ओल्या फडक्याने टिपून पुन्हा थोडं मॉइश्चरायझर लावा. होळीच्या आधी अंगाला जाड जेली आणि पूर्ण बाह्यांचा जुना सदरा. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उटण्याचा फक्त एक टिळा हातावर, आजीच्या समाधानासाठी, तोही निरोगी जागी.

शाळेसाठी आम्ही हळदी-कुंकवात मिळालेली स्टीलची छोटी डबी वापरतो. त्यात दोन चमचे जेली भरून दप्तरात ठेवते. मधल्या सुट्टीत हात धुतल्यावर लेक स्वतःच मनगटांना लावते. वर्गशिक्षिकांना वर्षाच्या सुरुवातीला एक चिठ्ठी देते: हा आजार पसरत नाही, हिला उन्हाच्या बाकावर बसवू नका, आणि ही खाजवताना दिसली तर "खाजवू नको" म्हणण्याऐवजी डबीची आठवण करून द्या.